डावीकडची सुपारी

खंडेनवमी, दसऱ्याचा आदला दिवस, सकाळची वेळ. जागा: चाकणच्या एमआयडीसीतली आमची शेड. हजर: मी, सासूबाई, धाकटे दीर आणि जाऊबाई, गुरुजी, ज्या कंपनीला आम्ही माल देतो तिथले खरेदीचे साहेब, आणि आमचे सगळे कामगार, इस्त्रीच्या शर्टात, त्यामुळे ओळखू न येणारे. मुलगी आयटीत आहे. तिला सुट्टी दसऱ्यालाच, म्हणून ती नव्हती. आणि दर वर्षी पूजेला उशिरा येणारा एक माणूस यंदा येणार नव्हता.

आमचं काम प्रेसचं. पत्र्याच्या पट्ट्या येतात, त्या प्रेसमध्ये डायखाली, म्हणजे साच्याखाली, घालायच्या, दाबायच्या, की गाड्यांना लागणारे ब्रॅकेट तयार होतात. तीन लहान प्रेस, एक मोठी, दोन ड्रिल मशिनी. शेड उभी आहे ती सासऱ्यांच्या जमिनीच्या मोबदल्यात मिळालेल्या प्लॉटवर. मशिनी ह्यांनी एकेक करून घेतल्या. ऑर्डरी, बिलं, पगार, डिस्पॅच हे सगळं मी बघायचे आणि मशिनींचं हे बघायचे. अशी वाटणी आमच्यात लग्नानंतर लवकरच होऊन गेली होती, कारण ह्यांना कागद बघितला की झोप यायची.

ह्यांना जाऊन वर्ष उलटलं होतं. छातीत दुखतंय म्हणून स्वतः गाडी चालवत दवाखान्यात गेले आणि त्यांची गाडी परत आणायला मी दिरांना पाठवलं. दिवसकार्य झाल्यावर दुसऱ्या सकाळी मी शेडचं शटर उघडलं. त्यावर भावकीत जे बोलणं झालं ते माझ्यापर्यंत नीट पोचावं अशी व्यवस्थाही भावकीने केली. नवऱ्याचा फोटो अजून भिंतीला लागला नाही आणि ही निघाली कंपनीत. टिकली तशीच. गळ्यात चेन तशीच. डोळ्यांत पाणी नाही.

पाणी होतं. ते कुठे काढायचं याची मी सोय केली होती. मोठी प्रेस चालू असली की तिच्यामागे उभ्या माणसाचा आवाज पुढच्याला ऐकू येत नाही. तिथे जाऊन मी रडून घ्यायचे, तोंड धुवायचे आणि टेबलावर येऊन मालाचं पुढचं चलन करायचे. घरी रडले असते तर चार जणी मांडी घालून बसल्या असत्या, त्यांच्या चहाचं मलाच बघावं लागलं असतं.

डाय बसवायला मी त्याच वर्षात शिकले. ह्यांच्या हाताखाली तयार झालेल्या आमच्या जुन्या ऑपरेटरने शिकवलं. पहिल्या खेपेला मी बोल्ट असा आवळला की काढताना दोघे लागले. पण शिकले. 

पहिल्या दसऱ्याला घरात सण नव्हता. मशिनी नुसत्या पुसल्या, फूल वाहिलं, झालं. वर्षश्राद्ध उरकल्यावर यंदा मात्र पूजा रीतसर करायची हे मी श्रावणातच लिहून ठेवलं. झेंडू, कोहळा, केळीचे खुंट, पेढे, कामगारांना शर्टाचं कापड, बायकांना साड्या. पूजेला कोण बसणार हे लिहिलं नाही, कारण तो प्रश्न मला सुचलाच नव्हता. तो दिरांना सुचला.

ते नवरात्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या माळेला घरी आले. चहा झाल्यावर म्हणाले की पूजेला आम्ही दोघं बसतो, तुम्ही काळजी करू नका. काळजी मी करतच नव्हते. मग त्यांनी समजावलं की पूजा जोडीने करायची असते, यंदा साहेब येणार आहेत, त्यांच्यासमोर बरं दिसत नाही. शिवाय नंतर सावकाश शेडचाही विचार करू. गोडाऊनला द्यायची म्हटलं तर उद्या माणूस उभा करतो, घरबसल्या भाडं येईल, तुम्हाला हे लोखंडाचं कशाला?

दीर वाईट माणूस नाहीत. प्लॉटिंगच्या धंद्यात राहून त्यांना कुठलीही जागा रिकामी दिसते, इतकंच.

पण मी ओळखलं काय चाललंय ते. आमच्या पट्ट्यात कागदावर मालक कोण हे कुणी बघायला जात नाही. खंडेनवमीला मशीनसमोर पाटावर कोण बसलंय हे बघतात. पत्र्याचा सप्लायर, शेजारचा शेडवाला, टेम्पोवाला, सगळे प्रसादाला येतात, पाटाकडे बघतात आणि वर्षभर त्या माणसाला फोन करतात. साहेब तर त्यासाठीच येणार होते. एका नव्या ब्रॅकेटचं काम त्यांच्याकडे निघालं होतं, डायही त्यांच्याकडे तयार होती. ते मिळालं तर शेड चालणार, नाही मिळालं तर जुन्या कामावर दोन प्रेस बंद ठेवाव्या लागणार आणि मग गोडाऊनवाल्याला आयतं निमित्त. साहेब फोनवर मला आडून आडून म्हणाले होते की मॅडम, तुमच्याकडे आता नक्की कोण बघतं ते एकदा कळलं की ड्रॉइंग देतो. त्यांनाही दिरांचा फोन गेला होता, हे मला त्या वाक्यावरून समजलं.

मी दिरांना म्हटलं, भाऊजी, पूजेला या, लवकर या, पाट एकच मांडणार आहे.

त्यांना वाटलं, मी चेष्टाच करतेय.

तर खंडेनवमी. आदल्या संध्याकाळी मशिनी डिझेलने धुऊन पुसल्या होत्या. मोठ्या प्रेसला हळदीकुंकवाचं स्वस्तिक, झेंडूची माळ, पायाशी कोहळा. मी हिरवी नाही, जांभळी साडी नेसले, कारण ती मला आवडते. दीर आणि जाऊबाई आले. जाऊबाई पैठणीत, दीर सिल्कच्या कुडत्यात. दिरांनी येतानाच दुसरा, जोडीला पुरेल असा लांब पाट आणला होता. तो त्यांनी माझ्या पाटाशेजारी मांडला आणि माझा उचलून बाजूला ठेवला.

मी माझा पाट परत होता तिथे ठेवला आणि त्यावर बसले.

 प्रेस बंद असल्या की शेडमध्ये पाट सरकवल्याचाही आवाज घुमतो. साहेब खुर्चीवर बसून मोबाइलकडे बघत होते, म्हणजे सगळं ऐकत होते.

गुरुजींची पंचाईत झाली. त्या दिवशी अर्ध्या एमआयडीसीत त्यांच्या पूजा असतात, स्कूटरवर एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये पळत असतात. ते घड्याळाकडे बघून म्हणाले, "ताई, संकल्पाला यजमान लागतात हो. दिरांना बसू द्या. तुम्ही मागे बसून हात लावा, तेवढंच पुण्य."

"हात लावायला मी पाहुणी आहे का?" मी म्हटलं. "वर्षभर लावतेच की."

दीर माझ्याजवळ वाकून हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, चारचौघांत हसं करू नका. तुमचं काही काढून घेत न्हाई मी. पूजा जोडीनंच व्हती, आजवर जोडीनंच झालीय."

तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला. त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर फुलांचं ताट. त्यांना कमी ऐकू येतं, पण नको तेव्हा सगळं येतं.

"कवा झाली रं जोडीनं?"

दीर वळले. "आई, तू गप बस."

"आता का गप बसू? दर साली मी हितंच बसलेली अस्ती. तुझा भाऊ कवा वेळंवर आला व्हता? तो तिकडं टेम्पो भरतोय आन् ही हितं सुपारीशेजारी बसलीय. नवऱ्याशेजारी बसायची सवयच न्हाई तिला. ठेवा वो गुरुजी तिची सुपारी, उगा टाइम घालवू नगा."

कामगारांतला कुणीतरी हसला आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. मग गुरुजीच हसले. कारण खरंच तसं होतं. जोडीदार हजर नसेल तर त्याच्या जागी सुपारी मांडून पूजा करायची सोय आहे. सहसा ती सुपारी बायकोच्या जागी असते. आमच्याकडे उलटं. खंडेनवमीला मशिनी बंद ठेवायच्या म्हणून आदल्या दिवसाचा माल सकाळीच जायला हवा, आणि तो टेम्पो भरून रवाना केल्याशिवाय हे हात धुवायचे नाहीत. गुरुजींना पुढच्या शेडची घाई. मग गुरुजी माझ्या डावीकडे, ह्यांच्या पाटावर, तांदळाच्या ढिगावर सुपारी ठेवायचे आणि म्हणायचे, यजमान आले की हलवू. निम्मी पूजा झाल्यावर हे कॉटन वेस्टच्या बोळ्याला हात पुसत यायचे, सुपारी उचलून खिशात टाकायचे आणि जागेवर बसायचे. त्यावरून दर वर्षी आमचं भांडण. दर वर्षी.

मी गुरुजींना म्हटलं, "इतकी वर्षं तुम्ही स्वतःच्या हाताने ठेवलीत. तेव्हा चालली. आता का चालत नाही ते सांगा. पटलं तर उठते."

गुरुजींनी परत घड्याळ बघितलं. त्यांच्याजवळ उत्तर होतं, ते मला माहीत आहे. शास्त्रात बाईच्या कपाळावर काय हवं आणि काय नको ते मलाही लहानपणापासून ऐकवलेलं आहे. पण ते उत्तर त्यांना माझ्याकडे बघून, सासूबाईंसमोर द्यावं लागलं असतं. त्यांनी पिशवीतून सुपारी काढली आणि माझ्या डावीकडे तांदळाच्या ढिगावर ठेवली.

जाऊबाई हलकेच माझ्यामागे येऊन बसल्या. कानात म्हणाल्या, "बरं झालं ताई. माझे गुडघे कुठं वाकतायत." दिरांनी आणलेला पाट त्यांनी स्वतःच्या पायाखाली घेतला.

संकल्प माझ्या नावाने झाला. गणपती झाला, कलश झाला, मशिनींना हळदकुंकू झालं. मी सगळं नीट करत होते. उदबत्ती कुठे, कापूर कुठे, सगळं हाताशी होतं, कारण मीच लावलं होतं. मग गुरुजींनी कोहळा पुढे घेतला. दर वर्षी साधारण ह्याच वेळेला हे यायचे. गुरुजींचा हात सवयीने सुपारीकडे गेला, ती हलवायला, आणि त्यांनी शटरकडे बघितलं.

मीही बघितलं. जुन्या ऑपरेटरनेही. सासूबाईंनीसुद्धा.

बाहेर रस्त्यावरून एक कंटेनर गेला. आत कुणी आलं नाही.

मोठी प्रेस बंद होती, त्यामुळे तिच्यामागे जाऊन उपयोग नव्हता. मी तिथेच, पाटावर बसून, सगळ्यांसमोर रडले. तोंड झाकलं नाही. रडतच गुरुजींना म्हटलं, पुढचं सांगा. त्यांनी सांगितलं, मी केलं. कोहळा जुन्या ऑपरेटरने कापला, आरती झाली.

प्रसादाच्या वेळी साहेब माझ्या आणि दिरांच्या मध्ये उभे राहून, कुणाकडेच न बघता म्हणाले, नवीन डायची ट्रायल कधीपर्यंत होईल? दीर सवयीने म्हणाले, दिवाळीनंतर बघू. मी म्हटलं, कोजागरीच्या आत, पत्रा तुमच्या स्टोअरमधून वेळेवर सुटला तर. मागच्या दोन्ही वेळेला उशीर तुमच्याकडून झाला होता. साहेबांनी पेढा तोंडात टाकला, बॅगेतून ड्रॉइंगची गुंडाळी काढली आणि माझ्या हातात दिली. पत्र्याचं मी बघतो, म्हणाले. 

दीर थोडा वेळ शेडच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता काही दिवस अबोला. पण जाताना शटरपाशी थांबून म्हणाले, "वहिनी, मागचा पत्रा गळतोय. माणूस पाठवतो उद्या." 

"दसरा आहे उद्या," मी म्हटलं. "परवा पाठवा."

दसऱ्याला सकाळी मोठी प्रेस मी सुरू केली. पहिला पीस देव्हाऱ्यात ठेवला. मुलगी आली होती, तिने फोटो काढला आणि फोटोत माझ्या नाकाला काळं लागलंय हे सगळ्यांना पाठवल्यावर सांगितलं. ट्रायल कोजागरीच्या आत झाली. पहिल्या लॉटमधले काही पीस परत आले, दुसऱ्यातला एकही नाही. दुपारी साहेबांचा फोन येतो तो माझ्या मोबाइलवर येतो. भावकी अजून बोलते. बोलू दे. त्यांच्या घरी प्रेस नाही, आवाज कशाचा तरी करावाच लागतो.

पूजेनंतरच्या कामांची यादी माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. केळीचे खुंट गोठ्यात दिले. भाड्याची भांडी परत केली. गुरुजींना दक्षिणा दिली, शिधा दिला. निर्माल्य जाऊबाईंनी नेलं. गळका पत्रा झाला.

सुपारी राहिली. ती नदीत सोडायची, असं गुरुजींनी जाताना बजावलं होतं. पुढच्या वर्षी नवी लागते, जुनी चालत नाही, हे मला माहीत आहे. चिंचवडला सामान आणायला जाते तेव्हा वाटेत इंद्रायणीचा पूल लागतो, गाडी बाजूला घ्यायला जागाही आहे. सुपारी ड्रॉवरमध्ये, माप घ्यायच्या व्हर्नियरच्या डबीशेजारी आहे. नवी यादी केली की तेवढी एक ओळ मी पुन्हा उतरवून घेते.