माघातला गूळ आणि सरासरी पाऊस

आधीची दोन स्थळं माझ्या जिभेनं घालवली, असं आईचं ठाम मत होतं. एका पाहुण्याला मी तोंडावर सांगितलं होतं, की भूगोल म्हणजे नुसती नद्यांची नावं नव्हेत. दुसऱ्याला काय सांगितलं, ते आईनं मला परत उच्चारूही दिलं नाही. त्यामुळं उचगावचं स्थळ येणार त्या दिवशी तिनं मला देवापुढं उभं करून शपथच घातली. "विचारलं तेवढंच बोलायचं. एक शब्द जादा नाही."

मी कबूल झाले, कारण हे स्थळ मलाही हवं होतं. सत्तरच्या सुमाराची गोष्ट. शिकलेली सून सगळ्यांना हवी असायची, पण लग्नानंतर तिनं नोकरी सोडायची! या लोकांनी ती अट घातली नव्हती. राजारामपुरीतल्या शाळेत मी नववीला हवामान शिकवायचे आणि ती शाळा सुटली असती तर मी वेडी झाले असते.

माघातली दुपार कलली होती. मंगळवार पेठेतल्या आमच्या दारात चक्क ट्रक येऊन थांबला. त्यातनं मुलगा आणि त्याचे वडील उतरले. वडील गुळाचे व्यापारी. एका फेरीत दोन कामं: गूळ बाजारात पोचवायचा आणि जाता जाता सून बघायची. ट्रकभर गुळाच्या ढेपा, वर ताडपत्रीचा पत्ता नाही.

पोह्यांची बशी हातात घेत ते म्हणाले, "हवामान शिकवता म्हनं. मग सांगा बगू, पाऊस येनार काय? भायेर गूळ उघडा हाय."

खिडकीकडं माझी पाठ होती. मी शहाण्यासारखी म्हणाले, "माघात आपल्याकडं पाऊस जवळजवळ नसतोच."

"म्हंजे येत न्हाय. झ्याक!" त्यांनी पोह्यांवर लिंबू पिळलं.

अहो, तसं नव्हे! सगळा धडा माझ्या जिभेवर येऊन उभा राहिला. मी तोंड उघडलं, पण स्वयंपाकघराच्या दारातनं आईनं असे डोळे वटारले, की मी ते मुकाट्यानं मिटलं.

दुसरी बशी येईस्तोवर आभाळ गडगडलं आणि सरी कोसळल्या. "आयला, गूळ!" म्हणत मुलाचे वडील बशीसकट पळाले. पुढची धांदल विचारू नका. शेजारच्या तालमीतली पोरं तशीच लंगोटावर धावत आली आणि ढेपा खांद्यावर घेऊन आमच्या माजघरात थर लावायला लागली. बाबा पलंगावरची गादी ओढून जागा करत होते, आई नव्या साडीच्या पदरानं ढेपा पुसत होती. मी पदर खोचला. मुलगा एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं धरून, अशा आम्ही दोघांनी ढेपा आणल्या.

पाऊस थांबला. मुलाचे वडील चिंब भिजून दारात उभे. "काय ओ मास्तरीणबाई! पाऊस न्हाय म्हनलासा न्हवं?"

गेली ती शपथ खड्ड्यात!

"तुम्ही विचारली हवा, मी सांगितलं हवामान! हवा म्हणजे आज, आत्ता, तुमच्या गुळावर काय पडतंय ते. हवामान म्हणजे तीस-तीस वर्षं नोंदी ठेवून काढलेली सरासरी. ती काय ताडपत्री आहे, ट्रकवर पांघरायला? एका दुपारवरनं हवामान ठरत नसतं. आणि तुम्ही तर एका बशी पोह्यांवर सून ठरवायला आलाय!"

आईनं कपाळाला हात लावला. हात गुळाचा होता, कपाळालाच चिकटला.

तेव्हा ढेपांच्या थरावर बसलेला मुलगा पहिल्यांदा बोलला. "मग तीस वर्षं नोंद ठेवाय लागंल की."

खोटं कशाला सांगू, मी लाजले. त्याचे वडील आधी त्याच्याकडं आणि मग माझ्याकडं बघत राहिले.

"पोरी, मगाशी तोंड उघडून परत मिटलंस. मी बगितलं. काय सांगनार हुतीस?"

"ट्रक झाका, म्हणणार होते."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

ते पोट धरून हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "आपल्या घरात इचारलं न्हाय, त्ये बी सांगत जायाचं."