जर्मनीला निघालेली चकली

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग भूक लागते. उभ्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, माणसं माणसांशी काय करतात ते सगळं पाहिलं. पण नातवंडं ‘आजोबा, केस सांगा’ म्हणतात तेव्हा मी हीच सांगतो. नावं घेत नाही. त्यातली बरीच माणसं अजून पुणे रस्त्यावर भेटतात आणि चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत.

निवृत्तीला थोडा काळ उरला होता. केडगावचा भाग ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येत होता, तिथे मी निरीक्षक होतो. केडगावात पत्र्याच्या एका मोठ्या शेडमध्ये बायकांचा एक गट दिवाळीचा फराळ करायचा. आधी गल्लीपुरता, मग पुण्या-मुंबईपुरता, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच थेट जर्मनीला. तिथल्या मराठी मंडळींनी चकली, शेव, शंकरपाळे, लाडू अशी मोठी मागणी नोंदवली होती. विमानाने पाठवायचं तर चकलीपेक्षा भाडं महाग. म्हणून वीस फुटी कंटेनर भरून बोटीने पाठवायचं ठरलं. समुद्रातला प्रवास महिन्याच्या वर, शिवाय तिकडच्या तपासण्या वेगळ्या. त्यामुळे दिवाळीचा फराळ आषाढातच कढईत पडला.

एका श्रावणी सोमवारी सकाळी, मी हजेरी घेऊन खुर्चीत टेकतो न टेकतो, तोच या गटाच्या अध्यक्ष आत आल्या. पन्नाशीच्या, उंच्यापुऱ्या, पदर खोचलेला. सगळं केडगाव त्यांना काकू म्हणायचं. त्यांच्या मागे निर्यातीची कागदपत्रं सांभाळणारा एजंट होता. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन मोबाईल.

“साहेब, आमची चकली चोरीला गेली,” काकू म्हणाल्या.

ठाणे अंमलदाराने खाली मान घालून हसू दाबलं. काकूंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो उठून पाणी आणायला गेला.

हकिकत अशी होती. कंटेनर शेडवर भरला. सगळ्या बायकांसमोर दार लावून सील ठोकलं. संध्याकाळी ट्रेलर बंदराकडे निघाला. बंदराच्या फाटकावर वजन केलं तेव्हा ते कागदावरच्या वजनापेक्षा बरंच कमी भरलं. सीमाशुल्कवाल्यांनी कंटेनर बाजूला घेऊन उघडला. दाराकडचे निम्मे खोके गायब. आणि सील मात्र जागच्या जागी, नंबरही तोच.

“सील शाबूत आहे साहेब,” एजंट म्हणाला. “म्हणजे वाटेत कुणी हात लावलेला नाही. सरळ अर्थ, भरतानाच माल कमी भरला. विमावाले हेच म्हणणार.”

“म्हणजे आम्ही रिकामी जागा जर्मनीला पाठवत होतो?” काकूंचा आवाज चढला. “आषाढभर बाया कढईपुढे उभ्या होत्या. हात दाखवायला आणू का एकेकीला?”

मला त्यांच्या आवाजातला राग ऐकू आला तशी भीतीही ऐकू आली. माल गेला तर पुन्हा तळता येतो. पण ‘केडगावच्या बाया खोके कमी भरतात’ असं एकदा पसरलं की त्या शेडमध्ये परत चूल पेटणार नव्हती. मी फिर्याद नोंदवून घेतली आणि एजंटला सांगितलं, “कंटेनर तिथे ठेवू नका. परवानगी काढा आणि जसा आहे तसा माघारी आणा. दाराला कुणी फडकंसुद्धा लावायचं नाही.”

कंटेनर परत आला. पंच बोलावले, ठशांचे तज्ज्ञ आले. कंटेनरचं सील दाराच्या हँडलमध्ये बसतं. सील तोडायचं नसेल तर चोर काय करील? हँडलच दारापासून सोडवील. मी हँडलजवळ वाकलो. तिथे रिबिटा असतात, म्हणजे ठोकून पक्के केलेले, न फिरणारे खिळे. या दारावर एका बाजूला रिबिटा होत्या आणि दुसऱ्या बाजूला गोल डोक्याचे बोल्ट, वरून कंटेनरसारखाच लाल रंग मारलेले. नखाने खरवडलं. रंग नखात आला. मुरलेला रंग असा येत नाही.

मी एजंटला जवळ बोलावून नख दाखवलं. त्याने वाकून एकेक बोल्ट पाहिला. मग काकूंकडे वळला आणि हात जोडले. म्हणाला, “काकू, चुकलं माझं.”

“असू दे,” काकू म्हणाल्या, “पण आता माल शोधा.”

पुढचा माणूस ट्रेलरचा ड्रायव्हर. साठीकडे झुकलेला, सुप्याच्या बाजूच्या एका वस्तीवरचा. पहिल्या जबाबात तो म्हणाला होता की गाडी कुठे थांबलीच नाही. ट्रेलरच्या मालकाकडून गाडीच्या जीपीएसची माहिती आली, तर गाडी सुप्याजवळ तीन-एक तास उभी. मी त्याला समोर बसवलं. आरडाओरडा केला नाही. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला गप्प बसून नुसतं पाहत राहिलं तरी पुरतं. माझा चहा संपायच्या आत त्याचे डोळे भरून आले.

“साहेब, खोटं बोल्लो. माझ्या पोरीला लेक झाली. त्या दिशी बारसं हुतं. मालक सुट्टी दीना. गाडी फाट्यावर लावली आन पाळन्यापाशी गेलो. नाव ठेवलं, दोन घास खाल्लं, तसाच निघालो. मालकाला कळलं तर कामावरनं काढंल, म्हनून बोल्लो न्हाई.”

“नाव काय ठेवलं?”

तो गोंधळला. पोलीस असं विचारतील असं त्याला वाटलं नव्हतं. नाव सांगताना मात्र त्याचा चेहरा असा उजळला की माझ्या मनातला संशय तिथेच संपला. तरी रीत म्हणून चौकशी केली. बारशाला आलेल्या सगळ्या वस्तीने साक्ष दिली. म्हणजे चोरी फाट्यावर झाली होती. पण केली कुणी?

त्याचं उत्तर एका चहावाल्याने आणलं. पुणे रस्त्यावरचा हा चहावाला माझा जुना खबऱ्या. तो कधी फोन करत नसे, स्वतः यायचा. त्या दिवशी आला आणि टेबलावर एक पाकीट ठेवलं.

“साहेब, चकली खावा.”

“श्रावणात चकली?”

“त्येच तर म्हन्तो मी. आमच्या पलीकडच्या वस्तीवर घरोघरी हाय. एक टेम्पोवाला वाटत सुटलाय. म्हन्तो सासुरवाडीनं आलंय. पोरं चकली खात्यात, म्हाताऱ्या च्यात शंकरपाळं बुडवून खात्यात. साहेब, माझं लगीन होऊन इतकी वर्सं झाली, सासुरवाडीनं एवढं कुनाला दिल्यालं मी ऐकलं न्हाई.”

पाकीट उलटं करून पाहिलं. मराठी लेबल फाडलेलं होतं. पण मागच्या बाजूचं बारीक अक्षरांचं लेबल तसंच राहिलं होतं. इंग्रजीसारखं वाटत होतं, पण इंग्रजी नव्हतं. काही अक्षरांच्या डोक्यावर दोन-दोन टिंबं होती.

“ह्ये वाचाय गेलो तर जीभ अडाकली,” चहावाला म्हणाला.

मी स्टेशन डायरीत नोंद केली, ती वस्ती ज्यांच्या हद्दीत होती त्या शेजारच्या ठाण्याच्या निरीक्षकांना फोन केला आणि साध्या कपड्यांत दोन माणसं घेऊन निघालो. टेम्पोवाला ओट्यावर बसला होता. तिशीचा, हसऱ्या चेहऱ्याचा. आम्ही पोलीस आहोत हे कळल्यावर हसू गेलं, पण गोष्ट बदलली नाही.

“सासूनं दिलंय साहेब. जावई म्हनल्यावर देनारच की.”

“चांगली सासू आहे,” मी म्हणालो. “जरा आभार मानू त्यांचे. फोन लाव आणि आवाज मोठा ठेव.”

त्याने बायकोकडे बघितलं. बायको दारात उभी होती, तिने तोंडाला पदर लावला. फोन लागला.

“मी पोलीस निरीक्षक बोलतोय, मावशी. तुम्ही जावयाला फराळ पाठवला का? चकली, लाडू, शंकरपाळे?”

पलीकडून जो आवाज आला तो अख्ख्या वस्तीने ऐकला.

“मी? त्या मेल्याला? घरला आला तर पान्याचा तांब्या द्येनार न्हाई मी! दिवाळसनाची आंगठी इकली त्यानं! साहेब, काय केलंय त्यानं? धरलाय का? धरला आसंल तर सोडू नगा!”

शेजारचे लोक हसून हसून वाकले. टेम्पोवाला स्वतःही हसला आणि हसता हसताच डोकं धरून खाली बसला. म्हणाला, “चला साहेब. दाखवतो.”

बंद पडलेल्या एका पोल्ट्रीच्या शेडमध्ये खोके रचून ठेवलेले होते. थोडे वाटले गेले होते, बाकी सगळे जागेवर. त्याचा जोडीदार पूर्वी कंटेनर दुरुस्तीच्या यार्डात कामाला होता. हँडल सोडवायची विद्या त्याची. दोघांनी पाळत ठेवली होती ती एका कारखान्यातून तांब्याची तार घेऊन निघणाऱ्या कंटेनरवर. त्या संध्याकाळी दोन लाल कंटेनर एकामागोमाग रस्त्याला लागले आणि हे बहाद्दर चुकीच्या मागे गेले. अंधारात घाईघाईने खोके उतरवले. हलके लागले तेव्हा जोडीदार म्हणाला, बारीक तार असेल. पोल्ट्रीत आल्यावर पहिला खोका फोडला, तर आत भाजणीची चकली.

जोडीदारालाही दुसऱ्या दिवशी उचललं. दोघांनी गुन्हा कबूल केला, बोल्ट आणि रंगाचा डबा काढून दिला. मुद्देमाल ठाण्यात आला आणि आमच्या मुद्देमाल खोलीला पहिल्यांदाच साजूक तुपाचा वास लागला. कारकुनाने खोक्यांभोवती मुंग्यांची पावडर ओढली आणि चारदा येऊन विचारलं, “साहेब, कोर्टाचा हुकूम कधी येतोय?”

आनंद झाला, पण अडचण राहिलीच. पोल्ट्रीत पडून राहिलेला माल परदेशी पाठवता येत नव्हता. पुढची बोट जवळ आली होती. ती चुकली तर फराळ दिवाळीनंतर पोहोचणार. एजंट म्हणाला, कंटेनरमध्ये उरलेला निम्माच पाठवा. काकूंनी नकारार्थी मान हलवली.

“निम्म्या घरांत दिवाळी आणि निम्म्यांत नाही, असं कसं चालेल?”

दुसऱ्या दिवशी शेडवर गेलो तर ओळख पटेना. गटातल्या बायका होत्याच, पण शेजारपाजारच्या सगळ्या गल्ल्या उतरल्या होत्या. ज्या आळीशी भांडण होतं त्या आळीच्याही. ड्रायव्हरची बायको आणि पोरगी तान्ह्या बाळाला घेऊन आल्या होत्या. एका कोपऱ्यात साडीचा झोका बांधला होता आणि जिचा हात मोकळा ती झोका देत होती. एजंट बाह्या दुमडून खोक्यांना पट्ट्या मारत होता, दोन्ही मोबाईल खिशात. आणि सोऱ्या दाबत असलेली एक बाई ओळखीची वाटली म्हणून नीट पाहिलं, तर माझी बायको.

“तू इथे कशी?”

“घरी आमटी करून ठेवलीय, भात तेवढा लावून घ्या,” ती वर न बघता म्हणाली. “इथे मध्ये उभे राहू नका.”

चोरट्यांना दम देणारा मी निमूट बाजूला झालो.

कंटेनर पुन्हा भरला. या वेळी सील ठोकताना काकूंनी दाराला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि ड्रायव्हरला बजावलं, “दादा, आता कुणाचं बारसं नाही ना?” तो म्हणाला, “आता नातीचं लगीनच, काकू. लई टाईम हाय.” मालकाने त्याला कामावर ठेवलं होतं. बारशाची गोष्ट सगळीकडे झाल्यावर काढायची त्याची छातीच झाली नाही.

न्यायालयाच्या हुकमाने जुना माल सुपूर्दनाम्यावर काकूंच्या ताब्यात दिला. पाकिटं हवाबंद होती, माल चांगला होता. काकूंनी तो गणपती विसर्जनाच्या दिवशी बंदोबस्ताला उभ्या असलेल्या होमगार्ड आणि शिपायांना वाटला. मुद्देमाल पोलिसांनी खाल्ला असं कुणी म्हणायला नको, म्हणून मी त्यांच्याकडून माल मिळाल्याची पोच आधी घेऊन ठेवली होती. मग मीही दोन चकल्या खाल्ल्या.

फराळ दिवाळीच्या आधी जर्मनीत पोहोचला. काकूंनी मला शेडवर बोलावून फोनवर व्हिडिओ दाखवला. बाहेर अंधार, जाड कोट घातलेली माणसं, आत पणत्या, आणि एक आजोबा कॅमेऱ्याकडे बघत चकलीचा पहिला तुकडा मोडताहेत. त्याचा कुरकुर आवाज आला आणि शेडमधल्या बायकांनी अशा टाळ्या वाजवल्या, जणू वर्ल्ड कप जिंकला.

आता या केसने काय शिकवलं ते सांगतो. दोषारोपपत्र पाठवण्याआधी मी टेम्पोवाल्याला एक प्रश्न विचारला होता. तपासासाठी नव्हे, माझ्यासाठी. “खोक्यात तार नाही हे कळलं, तेव्हाच सगळं एखाद्या दरीत ढकलून दिलं असतंस तर मी तुला जन्मात शोधू शकलो नसतो. का नाही टाकलंस?”

तो जरा लाजला. “टाकायलाच चाललो हुतो साहेब. जाता जाता एक तोंडात टाकली. मग बाकीच्या टाकवंनात. कुना माउलीनं केल्यात, कशा फेकायच्या? म्हनलं, वाटू.”

चोर हावेने सापडतो, दारूत सापडतो, बढाई मारताना सापडतो. हे मला ठाऊक होतं. चोर आपल्या चांगुलपणामुळेही सापडू शकतो, हे मला पहिल्यांदा कळलं. तोवर तपासात मी एकच विचार करायचो, की हा माणूस काय काय करू शकेल. त्यानंतर एक प्रश्न वाढवला: याच्या हातून काय होणार नाही? उरलेल्या नोकरीत त्या प्रश्नाने मला पुष्कळदा बरोबर दारापाशी नेऊन उभं केलं. आणि खरं सांगू का, तो प्रश्न विचारायला लागल्यापासून आरोपीच्या समोर बसताना माझा स्वतःचाही जीव थोडा हलका होऊ लागला.