अगाऊ सत्कार

हे लिहायला बसलो, याबद्दल आधीच क्षमा मागतो. आमच्या घरात लिहिण्याचं काम आजवर कुणी केलेलं नाही. बाबांच्या गॅरेजवर पाटी आहे, पण ती पेंटरनं लिहिलेली. त्यात परदेशाबद्दल लिहिणारा माणूस निदान परदेशी जाऊन आलेला तरी असावा, ही वाचकांची अपेक्षा रास्त आहे. ती मला पूर्ण करता येणार नाही. मी सांगतो आहे ते सगळं आमच्या आर्णी गावातच घडलं.

यवतमाळला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या इंग्रजीच्या मॅडमनी वर्गाच्या ग्रुपवर एक लिंक टाकली. पोलंडमधल्या एका गावात उन्हाळ्यात मुलांचं भाषा शिबिर भरतं, तिथं इंग्रजी शिकवायला स्वयंसेवक हवे होते. पगार नाही, पण राहणं, जेवण आणि विमानाचं तिकीट त्यांचं. ग्रुपवर कुणीच काही बोललं नाही, म्हणून मी अर्ज भरला. खरं सांगायचं तर मराठी येत नसलेल्या माणसाशी मी तोवर कधी इंग्रजी बोललोच नव्हतो. आपल्याला ते जमतं का, हे मला एकदा पाहायचं होतं.

मे महिन्यात उत्तर आलं. पहिली फेरी पार झाली होती. आता दहा मिनिटं खऱ्या मुलांना शिकवून दाखवायचं, शिबिराच्या पोलंडमधल्या मॅडम व्हिडिओवर पाहणार, मग निर्णय. मी बाबांना सांगितलं. बाबांनी गाडीचं ऑइल बदलता बदलता एका गिऱ्हाइकाला सांगितलं. संध्याकाळी गल्लीतले काका दारात हजर. काका एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, आणि आमच्या मंडळाचे कायमचे अध्यक्ष.

"अभिनंदन लेका! सत्कार करून टाकू."

"काका, निवड नाई झाली अजून. मुलाखत बाकी हाय."

"हाव, समजलं मले. पण दहावी-बारावीच्या पोट्ट्यांचा सत्कार रविवारी हायच. मंडप हाय, माईक हाय, शाली गठ्ठ्यानं आणल्या. तुह्या एकट्यासाठी पुढच्या महिन्यात पुन्हा मंडप कोण टाकते?"

"अन् निवड झालीच नाई तर?"

"तर शाल का वापस घेतो आम्ही?"

रविवारी विहारासमोरच्या मंडपात बारावी पास झालेल्यांच्या रांगेत उभा राहून मी शाल घेतली. इथवर ठीक होतं. पण सोमवारी चौकात फ्लेक्स लागला. 'पोलंडला रवाना झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. माझा चेहरा कुणाच्या तरी सुटाबुटातल्या धडावर बसवला होता, आणि ते धड माझ्या दुप्पट होतं. मागं बर्फाचे डोंगर आणि एक पेंग्विन.

"काका, पोलंडात पेंग्विन नसते."

"राहू दे नं. उन्हाचं पाहून गार वाटते."

आता पंचाईत अशी की फ्लेक्सवर मी रवाना झालो होतो आणि प्रत्यक्षात मायसाठी कोथिंबीर आणायला बाजारात फिरत होतो. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळेच तोंडाला दुपट्टा बांधतात, तसा मीही डोळ्यांपुरती जागा ठेवून बांधायचो. तरी भाजीवाल्या मावशीनं ओळखलंच. "काहून रे, वापसही आला?" गॅरेजवर त्याहून वाईट. जो येईल तो विचारायचा, "पोरगा पोचला का?" बाबांना खोटं बोलता येत नाही. ते मान खाली घालून म्हणायचे, "निघून राह्यला."

एकदा गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हणालो, "बाबा, माह्यामुळं तुमचं हसं होऊन राह्यलं."

"माह्यं सोड. तुले जावं वाटते का?"

"हाव. लई."

"मंग त्या बाईसमोर मोकळा बोलजो. घरी बोलतो तसा पुटपुटू नको."

मुलाखतीसाठी चांगलं इंटरनेट फक्त काकांच्या घरी होतं. गल्लीतली तीन मुलं घेऊन त्यांच्या ओसरीत बसायचं, असं मी ठरवलं होतं. सांगितल्या वेळी गेलो तर अंगणात सतरंज्या अंथरलेल्या, वर कापड ताणलेलं, माईक लावलेला, आणि सगळी गल्ली बसलेली. पहिल्या रांगेत माय, सणाची साडी नेसून.

"काका, तीनच पोट्टे पाहिजे होते!"

"तिघांत वजन पडते का?"

तेवढ्यात लॅपटॉपवर पोलंडच्या मॅडम दिसल्या. पांढरे आखूड केस, जाड चष्मा. सुरुवात करा, म्हणाल्या. मी तोंड उघडण्याआधी काकांनी माईकवर प्रास्ताविक सुरू केलं. मंडळाचा इतिहास झाला, नालीचा प्रश्न झाला. माझी दहा मिनिटं मला दिसत होती, जात होती. मग काका म्हणाले, "आता आपल्या प्रमुख पाहुण्या मॅडमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होईल."

माय उठली. तिनं घडी उलगडली आणि माणसाच्या खांद्यावर घालावी तशी हळुवारपणे लॅपटॉपवर शाल पांघरली. नारळ ठेवायला समोर कीबोर्डच होता, त्यावर ठेवला. टाळ्यांचा कडकडाट झाला. शालीच्या आतून मॅडमचा आवाज येत होता. मला काहीच दिसत नाही, तुम्ही तिथं आहात का?

मी शाल काढली. चॅटमध्ये नारळानं एकच अक्षर ओळीच्या ओळी टाईप केलं होतं. महिनाभर पाठ केलेला धडा डोक्यातून साफ गेला होता. हातात शाल होती, ती वर धरली.

"धिस इज अ शॉल."

"धिस इज अ शॉल!" सगळी गल्ली ओरडली. आमच्या शाळेत असंच शिकवतात, सर एकदा, मुलं एकदा. काका माईकवर होते, त्यामुळं सगळ्यांत मोठे.

"धिस इज अ कोकोनट. दे आर फॉर यू."

मॅडम पुढं झुकल्या. त्यांनी मायकडं बोट केलं आणि सावकाश विचारलं, ही शाल तुमची आहे का? मायनं आयुष्यात इंग्रजीत उत्तर दिलेलं नव्हतं. ती माझ्याकडं पाहत होती. मी शाल तशीच वर धरून ठेवली.

"नो," माय म्हणाली. "युवर."

"इज इट हॉट देअर?" मॅडमनी सगळ्यांनाच विचारलं.

"व्हेरी हॉट, मॅडम!" काका गरजले. "यू कम डिसेंबर!"

मग तिघं-चौघं एकदम बोलायला लागले. मी एकेकाला हातानं बसवलं, एकेकाला विचारलं, एकेकाकडून पूर्ण वाक्य म्हणवून घेतलं. वेळ संपली. कळवू, म्हणून मॅडम गेल्या. पोट्टे तर एक शब्द बोललेच नव्हते. सगळा धडा म्हाताऱ्यांनीच खाल्ला होता.

"आपला आवाज गेला नं तिकडं?" काकांनी विचारलं.

गेला, म्हणालो. घरी येऊन पडून राहिलो. दुसऱ्या दिवसापासून बाजारात जाणंच बंद केलं.

उत्तर आलं तेव्हा मी गॅरेजवर बाबांना पाने-पकडी देत होतो. मेल दोनदा वाचला. मुलांच्या वर्गासाठी त्यांनी दुसरं कुणी घेतलं होतं. पण त्याच शिबिरात संध्याकाळी गावातल्या आजी-आजोबांचा वर्ग असतो. ते सगळे एकदम बोलतात, शिक्षकाला मधेच थांबवून भाषणं करतात, आधीचा शिक्षक अर्ध्यात सोडून गेला. माझा तास पाहून हा वर्ग मलाच द्यावा, असं त्यांचं एकमत झालं होतं. जुलैच्या सुरुवातीला या.