एक वॉशर कमी

सुखदेवदादा मेश्राम कॉव्हेंट्रीतल्या आमच्या गोदामात रणगाड्यांचे सुटे भाग सांभाळतात. मूळचे नागपूरचे, इथे सव्वीस वर्षं. मी, धम्मशीला, त्यांच्या हाताखाली ऑर्डरी बघते, आणि ऑफिसवर चिडायचं काम फुकट करते.

मार्चच्या सुरुवातीला युक्रेनमधून तारास नावाच्या मेकॅनिकचा व्हिडिओ आला. ब्रिटननं दिलेल्या रणगाड्याच्या गिअरबॉक्समधून तेल गळत होतं. तेल अडवणारं एक सील बदललं की काम झालं. पण महिनाअखेर त्याच्या तुकडीला मागे हटायचं होतं, आणि एवढं साठ-सत्तर टनांचं धूड ओढायला गाडी नव्हती. चाललं नाही तर रशियनांच्या हाती लागू नये म्हणून आम्हालाच ते पेटवावं लागेल, असं तो म्हणाला.

सील आमच्या रॅकवर होतं, तेवीस वस्तूंच्या किटमध्ये. त्यातला एक रबरी वॉशर मात्र संपलेला, आणि तो बनवणारी कंपनीच बंद. अर्धवट किट गोदामाबाहेर जात नाही, हा नियम. अरे, तारासला वॉशर हवाय कशाला? पण मॅनेजरचा नन्नाचा पाढा.

माझं डोकं फिरलं. "कुठल्या शहाण्यानं केलाय हा नियम?"

"मी," दादा म्हणाले.

सहा वर्षांपूर्वी सरावाच्या मैदानावर काही किटं अर्धवट निघाली, सैनिकांनी शिव्या घातल्या. तेव्हा दादांनीच भांडून तो नियम मंजूर करून घेतला होता. आता तो मोडायची परवानगी मागायला तेच गेले, तर मॅनेजर म्हणाला, बदलासाठी रीतसर अर्ज करा. तो अर्ज दोन आठवडे या टेबलावरून त्या टेबलावर. मी रोज फोनवर कावायची. दादा गुळणी धरून बसलेले. त्याचाच मला जास्त संताप यायचा.

एका सकाळी मात्र त्यांनी किट फोडलं, सील काढलं, रजिस्टरमध्ये 'माझ्या जबाबदारीवर' लिहून सही ठोकली.

"दादा, तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे. तू कुरिअर बोलाव."

सील पोचायला नऊ दिवस लागले. मग तारासचा मेसेज आला: 'सील मिळालं. रणगाडा आम्ही सोमवारी जाळला. तरी कुठून तरी शोधून पाठवलंत, आभारी आहोत.'

दादांनी तो दोनदा वाचला.

"त्याला वाटतंय, आपल्याकडे सील नव्हतंच," ते म्हणाले. "होतं म्हणून कळव. आणि नियम माझा होता, तेही लिही."

मी लिहिलं. तारासचं उत्तर आलेलं नाही.