विजूकाका आणि डोंगरावरची शेवटची कौशी

विजूकाका, तुमचं एकही झाड जगलं नाही.

आज तुम्हाला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून सोसायटीच्या ग्रुपवर तुमचा फोटो फिरतोय. खाली हात जोडलेले, आणि 'वृक्षप्रेमी', 'निसर्गाचा माणूस' वगैरे.

मला चीड येतेय. म्हणून तिथे न लिहिता इथे लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. विजूकाका म्हणजे फुलपाड्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे. इन्शुरन्स ऑफिसातून रिटायर झाले आणि डोंगरात जायला लागले. काकू म्हणायच्या, "देवळात गेले असते तर निदान कपडे तरी स्वच्छ राहिले असते."

काकांनी मला पहिल्यांदा जवळजवळ ओढूनच नेलं.

"रविवारी मॉलमध्ये काय करतेस? चल, तुला झाड दाखवतो."

"काका, झाडं खाली पण आहेत."

"ती लावलेली आहेत गं. आपलं आपण उगवलेलं झाड बघ एकदा."

आमच्याकडच्या धरणाच्या मागून चढत गेलो. फेब्रुवारीचे शेवटचे दिवस, घामाने जीव गेला होता माझा. वर एका उतारावर ती उभी होती. कौशी.

अंगावर एक पान नाही, आणि अख्खं झाड केशरी-लाल फुलांनी भरलेलं. सूर्यपक्ष्यांची नुसती झुंबड.

काका दगडावर बसून थर्मासमधला चहा ओतत होते, आपल्याच घरचं कार्य असल्यासारखे खूश.

"या डोंगरावर ही एकटीच उरलीय," ते म्हणाले.

त्या मे महिन्यात आम्ही तिच्या बिया आणल्या. काकांनी दुधाच्या पिशव्यांत माती भरून टेरेसवर रोपं केली. दोन पावसाळे टेरेसवर वाढवायची, मग परत डोंगरावर न्यायची, असं त्यांचं ठरलं होतं.

पहिल्या थंडीत सगळ्या रोपांची पानं गळाली. मी घाबरून वर धावले.

काका हसले. "झोपलीयत. पाणी कमी कर आणि त्यांच्या वाटेला जाऊ नकोस."

त्यानंतर पुन्हा फुलं बघायला गेलो, तर उतारच नव्हता. रस्त्यासाठी डोंगर कापला होता. खालच्या पाड्यावरची एक बाई लाकडं घेऊन येत होती. काकांनी तिला झाडाचं विचारलं.

"नाय रायला तो झाड. मशीन आला, सगला खाल्ला. आमचा झऱ्याचा पानी पन गेला."

काका उतरायला लागले. बिल्डिंगच्या गेटपाशी थांबून म्हणाले, "आता टेरेसवर आहेत तेवढीच."

दुसऱ्या पावसाळ्यात लिव्हरच्या दुखण्याने त्यांना धरलं. हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले तर पहिला प्रश्न रोपांचा. मी म्हटलं, लावून येऊ का? तर चिडले. "मी आल्याशिवाय नेऊ नकोस. बरा होतोय मी."

ते बरे झाले नाहीत.

तेराव्याला जेवणं झाली. काकांची मुलगी मानसी टेरेसवरची सगळी रोपं खाली घेऊन आली. बाबांची आठवण म्हणून प्रत्येकाच्या हातात एकेक द्यायला लागली. रडत होती बिचारी.

मी तिला बाजूला घेतलं. "अगं, ती डोंगरावर लावायचीयत."

"ताई, डोंगरावर त्यांना पाणी कोण घालणार?"

त्या दिवशी, त्या घरात, मी तिच्याशी काय वाद घालणार होते?

लोकांनी खरंच मायेने नेली हो रोपं. कुणी चिनी मातीची कुंडी आणली, कुणी खिडकीच्या ग्रिलमध्ये जागा केली. माझ्या वाटेचं मी त्याच आठवड्यात डोंगरावर लावून आले.

थंडी सुरू व्हायच्या आधी ग्रुपवर मेसेज टाकला. 'कौशीची पानं गळतील. झाड मेलेलं नसतं. प्लीज टाकू नका.' भरपूर अंगठे आले. पाठोपाठ गुड मॉर्निंगची फुलं आली आणि माझा मेसेज गेला वर.

जानेवारीत कचऱ्याच्या डब्याशी एक काठी दिसली, मुळांना अजून माती. मग दुसरी. मी दारोदार फिरले. "अगं, सुकलं ते." "आम्ही रोज पाणी घालत होतो, तरी मेलं." दोन रोपं अजून कुंडीत होती, पण पाण्याने मुळं कुजली होती. सगळ्यांना वाईट वाटत होतं, खोटं नाही सांगत.

डोंगरावर माझं एक उरलं होतं. मार्चमध्ये कुणीतरी गवत पेटवलं. मी जाऊन बघितलं. काळी जमीन होती, दुसरं काही नाही.

आज वर्षश्राद्धाला काकांच्या घरी गेले. निघताना मानसीने हातात एक कुंडी दिली. नर्सरीतलं कसलंसं गुळगुळीत पानांचं झाड.

"बाबांची झाडं कुणाकडेच टिकली नाहीत ना," ती म्हणाली. "म्हणून या वेळी चौकशी करून आणलं, ताई. याची पानं कधीच गळत नाहीत."

मी थँक्यू म्हटलं.

काका, आमच्या प्रेमात काही कमी नव्हतं, एवढंच तुम्हाला सांगू शकते. तुमची कौशी आता कुठेच नाही.

रोपांत जीव अडकवून थांबू नका. या आता.