आमच्या पार्टीचा मंगलाष्टकवाला

पांढुर्ण्याच्या कॉलेजात मी बी.कॉम. झालो, पण त्याचा उपयोग कापडाच्या दुकानात मीटर मोजण्यापलीकडे काही झाला नाही. कॉलेजातून खरं काय हाती लागलं म्हणाल, तर दोन मित्र. एक तिगावहून रोज पॅसेंजरनं यायचा. दुसरा रामाकोन्याचा, संत्र्याच्या बगीचेवाल्या घरचा. तो आमच्या घरामागं खोली करून राहायचा आणि जेवायला आमच्याकडेच असायचा. त्यांची नावं लिहिली तर दोघं मिळून ग्रुपवर माझी धुलाई करतील, म्हणून गावाच्या नावानंच बोलतो.

या दोघांनी मला मंगलाष्टकवाला केलं. तिगावचं लग्न कॉलेज संपल्याबरोबर झालं. मुलीचे मामा खड्या आवाजात एकामागून एक मंगलाष्टकं म्हणत होते आणि आमच्या पार्टीतून, म्हणजे मुलाकडून, कुणी माईकजवळ जाईना. रामाकोन्यानं मला ढकललं. "अबे जा ना, इज्जतीचा सवाल हाय!"

स्वतः रचलेलं मंगलाष्टक माझ्या खिशात तयारच होतं, म्हणजे ढकलण्याचीच काय ती वाट होती. पहिली ओळ मी इतकी वर लावली की तिसऱ्या ओळीत दम लागला. श्वास घ्यायला थांबलो, तर लोकांना वाटलं झालं. अक्षता पडल्या, बँडवाले सुरू झाले, त्या गोंधळात अंतरपाट खाली आला आणि नवरीनं हार घालून टाकला. तिगावचं लग्न माझ्या अर्ध्या कडव्यात लागलं. भटजींनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं माझ्या वडिलांनी निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

शहाणा माणूस तिथंच थांबला असता. मी मात्र माझ्या स्वतःच्या लग्नातही अंतरपाटाआडून सुरू होणार होतो, सासऱ्यांनी डोळे वटारले म्हणून वाचलो. पुढं भावंडांची, मेव्हण्यांची, कुणाचीही लग्नं असोत, हे दोघं मला माईककडे ढकलायचे आणि पहिल्या रांगेत बसून पोट धरून हसायचे. मी ते कौतुक समजून चाललो होतो.

मागच्या उन्हाळ्यात रामाकोन्याच्या पोरीचं लग्न सौंसरच्या एका हॉलवर ठरलं. पोर माझ्या अंगाखांद्यावर खेळलेली. तिचा साखरपुडा झाला त्याच आठवड्यात माझं मंगलाष्टक रचून झालं. रामाकोना स्वतः पत्रिका घेऊन दुकानात आला. चहा झाला, उन्हाचं बोलणं झालं, बगीच्याचं झालं, मंगलाष्टकाचं नाव नाही. गाडीवर बसला तेव्हा वाटलं, आता बोलेल. तर म्हणाला, "वहिनीले घेऊन आदल्या दिवशीच ये." आणि गेला.

मी तिगावला फोन लावला. तो चाचरत म्हणाला, "अरे, पोरीच्या सासरचे नागपूरचे हाय ना, ते गाणारे आणून राहिले. तू मनाले लावून घेऊ नको."

मी चांगलंच मनाला लावून घेतलं. माझा आवाज कसा आहे ते मला आतून कुठंतरी ठाऊक होतं, त्याचं दुःख नव्हतं. पण आपल्या ताटात जेवलेल्या मित्राला नव्या सोयऱ्यांसमोर आपली लाज वाटायला लागली, हे काही केल्या पचेना. मग इज्जत वाचवायला मी सगळ्यांना सांगत सुटलो की घसा बसला आहे. पुरावा म्हणून भर मे महिन्यात गळ्याला मफलर गुंडाळला. बायको म्हणाली, "काढा ते! लोक हासून राहिले." काढला नाही. घामानं मान सोलवटून निघाली.

लग्नात मी अगदी मागं, कूलरसमोर बसलो. गाणारे खरंच गोड म्हणत होते. एकही सूर चुकेना, त्यामुळे मला त्यांचा जास्तच राग आला.

पोरीच्या मागं तिचे मामा उभे होते, रामाकोना जरा बाजूला. दुसऱ्या मंगलाष्टकालाच त्याचा चेहरा थरथरायला लागला. हा गडी कधी रडत नाही. त्याचे वडील गेले तेव्हाही आम्हीच रडलो होतो, तो आम्हाला पाणी आणून देत होता. व्हिडिओवाल्यानं कॅमेरा नेमका त्याच्या तोंडाजवळ नेला. तसा तो स्टेजवरून उतरला, खुर्च्या बाजूला सारत थेट माझ्यापाशी आला आणि त्यानं माझं मनगट धरलं.

"चाल, म्हण."

"घसा बसला ना बे," मी जमेल तितक्या घोगऱ्या आवाजात म्हणालो.

"तुहा घसा मले माहीत हाय. माह्यानं रडणं आवरून नाही राहिलं. सारे माह्याच तोंडाकडे पाहून राहिले. तू म्हणशीन तं सारे तुह्याकडे पाहतीन. म्हण ना बे!"

मी उठलो. गाणाऱ्याच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच माईक घेतला आणि सुरू झालो. सगळा हॉल हसायला लागला. नागपूरची मंडळी हसली, व्हिडिओवाला कॅमेरा घेऊन माझ्याकडे धावला, अंतरपाटाआड नवरीचे खांदे हसून हलायला लागले. मला दिसत होतं ते फक्त कोपऱ्यातल्या खांबाजवळचं. तिथं सगळ्यांकडे पाठ करून, रुमालात तोंड खुपसून रामाकोना रडत होता आणि तिगाव त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. रचलेलं कडवं संपलं. मी सुचेल ते पुढं जोडत गेलो, आणि त्याचं रडून होईपर्यंत म्हणत राहिलो.