वाळूतून गाळलेलं पाणी

बोईसरजवळच्या एका शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवते. भूजलाचा धडा आला की प्लास्टिकची बाटली कापून उलटी धरायची, तिच्यात खडी, कोळसा, वाळू भरायची आणि वरून गढूळ पाणी ओतायचं. खालून नितळ पाणी यायला लागलं की पोरं टाळ्या वाजवायची आणि मी शेफारायची. असंच पावसाचं पाणी गाळून विहिरीत सोडा, उन्हाळ्यात रडायची पाळी येणार नाही, असं मी ठणकावून सांगायची.

एका मुलीने ते फारच मनावर घेतलं. तिच्या घरची विहीर सगळ्या पाड्याला प्यायला पुरायची, पण चैत्र संपता संपता तळ दिसायचा. तिच्या वडिलांनी विहिरीशेजारी खड्डा खणला आणि माझ्या बाटलीसारखाच भरला. कौलांवरचं पाणी त्यांना थोडं वाटलं, म्हणून रस्त्याकडेच्या गटारापासून चर काढून तेही खड्ड्यात घेतलं. मी बघायला गेले तेव्हा ते कौतुकाने म्हणाले, बाईंनीच सांगितलंय, वाळूतून सगळं साफ होतं. मी मान डोलावली. वर फोटोसुद्धा काढला. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे! आमच्याकडे गटारातून नुसता चिखल वाहत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

श्रावणात मोठा पाऊस लागलेला बघून कुठल्याशा कारखान्याने आपलं पाणी त्या गटारात सोडून दिलं. सकाळी विहिरीवर तवंग होता आणि वासाने काठावर उभं राहवेना. पंप लावून तीनदा उपसली, तीनदा तशीच भरली. तपासणीला बाटली दिली, तर पिऊ नका एवढंच उत्तर आलं. पाणी कुणी सोडलं ते कुणी सांगेना. पालघरला जाऊन मी जिल्हाधिकारी कार्यालयात तावातावाने भांडले. तिथल्या साहेबांनी शांतपणे अर्ज ठेवून घेतला. झालं, संपलं.

पाड्यातल्या बायका आता टँकरची वाट बघत बसतात. त्यांतली एकही मला वाईट बोलली नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, खरंच सांगते.

दिवाळीनंतर त्या मुलीची आई शाळेत आली. मी माफी मागायला लागले आणि मलाच रडू फुटलं. तिने हातानेच मला थांबवलं.

"बाई, पाणी आत कसं सोडायचं ते तुमी शिकवलंत. आता आतली घाण भायेर कशी काढायची, तेवढं सांगा."

मला येत नाही, म्हटलं. जमिनीत मुरलेलं असं उपसून निघत नाही, वर्षं जातात, किती ते मलाही माहीत नाही, हेही सांगितलं. ती उभीच राहिली. मी कपाटातून एखादं पुस्तक काढून बघेन, असं तिला वाटत असावं.